ड्रोन पडल्यावर पोरं तासभर काय करत होती

नमस्कार दादा. एक स्टार देऊन तुम्ही लिहिलंय की चार्जिंग न करताच फवारणीचा ड्रोन उडवला, तो उसात पडला, पोरं तासभर फोटो काढत बसली, वर कोऱ्या कागदावर सही मागितली आणि अर्धा एकर तसाच टाकून गेली ती फिरकलीच नाहीत. "एवढं काय विमान पडलं होतं का?" असंही विचारलंय.

चूक आमचीच आहे. फवारणीआधी पायलट प्लॉटच्या तीन बाजू चालून आला, ओढ्याकडची बाजू त्यानं बांधावरूनच बघितली. तिथं विजेच्या खांबाचा ताण, म्हणजे खांबाला आधार देणारी तार होती, शेंड्यांच्या वर जेमतेम हातभर. ड्रोनचं पातं त्यालाच लागलं.

चार्जिंगचं मात्र तसं नाही. लॉग, म्हणजे ड्रोनमधली उड्डाणाची नोंद, काढून बघितला. पडताना बॅटरी 46 व्होल्टला होती, पूर्ण भरलेली 50.4 दाखवते. सहापैकी एकच मोटर झटक्यात थांबली, बाकी पाच फिरत होत्या. चार्जिंग संपलं असतं तर सगळ्याच मंदावल्या असत्या.

आणि हो, कायद्याच्या लेखी ते विमानच, मानवरहित. 2021 च्या ड्रोन नियमांप्रमाणे अपघात झाला की पायलटनं 48 तासांच्या आत डीजीसीएला, म्हणजे सरकारच्या विमान वाहतूक खात्याला, त्यांच्या डिजिटल स्काय या ऑनलाइन पोर्टलवरून कळवायचं असतं. म्हणून ड्रोन हलवायच्या आधी तो कसा पडलाय, ताण कुठं आहे, पातं कुठं तुटलंय, याचे फोटो काढले. त्याच्याही आधी बॅटरी काढून लांब मोकळ्यावर ठेवली. आपटलेली लिथियमची बॅटरी अर्ध्या तासानंही पेटू शकते, आणि शेजारी वाळलेलं पाचट. संध्याकाळी ती फरशीवर ठेवली तर डुगडुगत होती, म्हणजे फुगलेली. बाद केली.

कागद कोरा नव्हता, पण नुकसानीचा रकाना रिकामा होता. तुम्हाला शंका आली ते बरोबरच आहे. गाडीसारखा ड्रोनलाही थर्ड पार्टी विमा लागतो, मोडलेल्या उसाची भरपाई त्यातून मागायची म्हणून ती सही. आता ऊस तुमच्यासमोर मोजू, आकडा लिहू, मगच सही करा.

दुसऱ्या दिवशी का आलो नाही? वरून धड दिसणारी एक मोटर हातानं फिरवली तर खरखर लागत होती. ती बदलली, मोटर ज्या दांडीवर बसते तिचं लॉक बदललं, दिशा दाखवणारा कंपास नीट लावून घेतला आणि दोन दिवस नुसतं पाणी भरून माळावर उडवला. यात तुमचे तीन फोन आम्ही उचलले नाहीत. याला काही कारण नाही, माफ करा.

राहिलेला अर्धा एकर मंगळवारी सकाळी वारं सुटायच्या आत करून देतो. सगळ्या प्लॉटचे पैसे नकोत. टाकीचं झाकण फुटून औषध सांडलं त्या दोन सऱ्यांतला पाला आणि वाडं जनावरांना घालू नका. पोरांनी तिथं काठ्या रोवल्यात, पण तुम्हाला सांगायचं राहिलं होतं.