पाण्यालाबी इचारलं न्हाई

परवा आमची आत्या खानापूरकडनं बेळगावला आली. टिळकवाडीत एका नातलगांकडे लग्नाची पत्रिका देऊन ती थेट आमच्या शहापूरच्या घरी. पायरीवर टेकली आणि म्हणाली, "पाण्यालाबी इचारलं न्हाई बघ." यापुढं विचारण्यासारखं काही उरतंय का?

नववीतली लेक इंग्रजीचा निबंध घेऊन बसलेली. "बाबा, याला इंग्लिशमध्ये काय म्हणायचं?"

मी 'इनहॉस्पिटेबल' सांगून मोकळा. पण तो शब्द मला तरी वाळवंटाला शोभणारा वाटतो, टिळकवाडीतल्या फ्लॅटला नाही. त्याचं मूळ मात्र झकास आहे. लॅटिनमध्ये 'हॉस्पेस' म्हणजे पाहुणा आणि यजमानसुद्धा! हॉस्पिटल, हॉटेल ही सगळी त्याच कुळातली.

मग मी सुटलोच. कोल्ड शोल्डर, फ्रॉस्टी, आयसी, चिली. सगळा माल फ्रिजमधला. नकोशा पाहुण्याला मटणाचा थंडगार खांदा वाढायचे, त्यावरनं 'कोल्ड शोल्डर' आलं, असं रंगवून सांगतात. पुरावा कुठं नाही. हा प्रयोग छापील सापडतो तो 1816 च्या वॉल्टर स्कॉटच्या कादंबरीत, आणि तिथं मटणाचा वाससुद्धा नाही.

माणूस गारठून मरतो त्या मुलखात तुसडेपणा थंडच असणार. आपलं बेळगाव गरिबांचं महाबळेश्वर, तरी इथं जीव गार होतो तो सुखानं. कन्नड म्हाताऱ्या आशीर्वाद देतात तोच मुळी "होट्टी तण्णग इरली", पोट थंड राहू दे! म्हणून पेपरात 'थंड स्वागत' वाचलं की मला गंमत वाटते. अहो, थंड स्वागत तर आम्ही गूळ-पाण्यानं करतो. आपल्यात वाईट वागणूक कोरडी असते. कोरडं बोलणं, कोरडी चौकशी, आणि माया असेल तिथं ओलावा. हिशेब सगळा पाण्याचा. हेच इंग्रजीत 'ड्राय' म्हणून न्यावं तर लोकांना दारूबंदी आठवायची.

तोवर लेकीनं आत्याचं वाक्य जसंच्या तसं उतरवलं होतं: 'दे डिड नॉट ईवन आस्क हर फॉर वॉटर.' म्हणजे त्यांनी आत्याकडे पाणी मागितलं नाही! बिचारे नातलग एका वाक्यात निर्दोष सुटले. मी 'आस्क' खोडून 'ऑफर' घातलं, वाक्य सरळ केलं आणि आत्याला कौतुकानं अर्थ सांगायला गेलो.

ती अजून पायरीवरच. म्हणाली, "त्ये ऱ्हाऊ दे. तू तरी पाणी देतोस काय?"