‘मोरॉन’ म्हणजे नुसता ‘मूर्ख’ नव्हे : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

कुणाला ‘मोरॉन’ म्हणू नये, असं मी मागच्या लेखात लिहिलं. त्यावर तुमचं म्हणणं असं : शब्द ग्रीक आहे, जुना आहे, अर्थ ‘मूर्ख’ एवढाच, ‘इडियट’ चालतो, मग ह्याच्यावरच राग का? शेवटी तुम्ही विचारलंय, की ‘ऑक्सिमोरॉन’ (परस्परविरोधी शब्द जोडणारा अलंकार) हा शब्दही टाकून द्यायचा का?

मूळ ग्रीक आहे, हे खरं. ‘मोरॉस’ म्हणजे मंद, मूर्ख. पण आज जो तोंडी आहे, तो इंग्रजी शब्द १९१० सालचा. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या व्हाइनलँड इथे मतिमंद मुलांच्या संस्थेत काम करणाऱ्या हेन्री गॉडार्ड या मानसशास्त्रज्ञाने तो मुद्दाम घडवला. बिने या फ्रेंच मानसशास्त्रज्ञाच्या बुद्धिमापन चाचणीत ज्यांचं ‘मानसिक वय’ आठ ते बारा भरेल, त्या मोठ्या माणसांवर मारायचा तो शिक्का होता. त्याखालचे ‘इम्बेसाइल’, अगदी तळाचे ‘इडियट’. गॉडार्डला खरी धास्ती या तिघांत वरच्या, ‘मोरॉन’ गटाचीच होती, कारण ही माणसं दिसायला-बोलायला चारचौघांसारखी. ती लग्न करतील, त्यांना मुलं होतील आणि मंदपणा पुढच्या पिढीत उतरेल, असं त्याचं मत होतं.

त्या शिक्क्याचं पुढे काय झालं, ते कॅरी बकच्या बाबतीत बघा. ही व्हर्जिनियातली मुलगी. दुसऱ्यांच्या घरी वाढली, तिथल्याच एका नातेवाइकाने तिच्यावर बलात्कार केला, दिवस गेले, आणि त्या घरच्यांनी तिलाच मतिमंदांच्या संस्थेत टाकलं. कागदावर ती ‘मोरॉन’ ठरली. १९२७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी तिच्या सक्तीच्या नसबंदीला मान्यता दिली. ‘इम्बेसाइलांच्या तीन पिढ्या पुरे झाल्या,’ हे न्यायमूर्ती होम्स यांचं वाक्य त्याच निकालातलं. त्यातली तिसरी पिढी म्हणजे कॅरीची तान्ही मुलगी व्हिव्हियन. ती सात महिन्यांची असताना एका समाजसेविकेने ‘हिच्यात काहीतरी कमी वाटतं’ अशी साक्ष दिली होती. हीच व्हिव्हियन पुढे शाळेत गुणवंतांच्या यादीत आली. आठव्या वर्षी वारली, बिचारी. अमेरिकेत अशा नसबंद्या साठ हजारांवर झाल्या. हे आठवलं की माझ्याच्याने तो शब्द उच्चारवत नाही.

‘इडियट’चं म्हणाल तर तोही गॉडार्डच्या त्याच वर्गवारीत होता, आपल्याकडच्या १९१२ च्या वेड्यांविषयीच्या कायद्यातही होता. पण तो त्याआधी कित्येक शतकं बोलण्यात रुळलेला. डॉक्टरांनी तो लोकांकडून उचलला. ‘मोरॉन’चा प्रवास उलटा, दवाखान्याच्या कागदावरून रस्त्यावर. माझा आक्षेप आहे तो ह्याला. एखाद्याचा मूर्खपणा दाखवायचाच असेल तर बावळट, मठ्ठ, बिनडोक, अक्कलशून्य असे खणखणीत शब्द आपल्याकडे पडलेत की!

‘ऑक्सिमोरॉन’ मात्र खुशाल वापरा. तो अलंकारशास्त्रातला, गॉडार्डच्या कितीतरी आधीचा. ‘तीक्ष्ण’ आणि ‘मंद’ या दोन ग्रीक शब्दांची ती जोडी आहे. कुणा माणसावर तो कधी मारला गेलेला नाही.