कुरुकारुनी-सामा, क्षमस्व

परवा रात्री साडेअकराला माझ्या कार्टमध्ये तीन तिकिटं होती. शेजारी शेजारी. जपानमधलं कोशिएन स्टेडियम, शनिवार, बेसबॉलची मॅच, हानशिन टायगर्स विरुद्ध योमिउरी जायंट्स, आणि तीही उजवीकडच्या आउटफिल्डमधली, जिथे टायगर्सचे खरे वेडे बसतात तिथली. कोणाचं तरी जायचं रद्द झालं म्हणून रीसेलला टाकलेली, अधिकृत, रीतसर, छापील भावात. तीन दिवस मी ते पान दर दहा मिनिटांनी रिफ्रेश करत होते, बायका वडाला फेऱ्या घालतात तशी, आणि अचानक फुलीच्या जागी गोल आला. इथे गोल म्हणजे आहे, फुली म्हणजे नाही, आणि त्रिकोण म्हणजे थोडी आहेत पण तुम्ही हात लावेपर्यंत फुली होईल.

दहा मिनिटांचा टायमर सुरू. मला हे टायमर प्रकरण मुळात डोक्यात जातं. लग्नाच्या हॉलचं बुकिंग असो नाहीतर विमानाचं तिकीट, कोपऱ्यात लाल आकडे उलटे पळायला लागले की माझी बोटं माझी राहत नाहीत. तरी केलं. नाव टाकलं, कुलकर्णी. एरर. का? तर नाव काताकानात, म्हणजे त्यांच्या एका लिपीत, पाहिजे. बरं बाबा, काताकाना. लेकाला उठवलं (बारा वर्षांचा आहे, हे सगळं अ‍ॅपवर शिकलाय, शाळेची संस्कृतची रूपं मात्र पाठ होत नाहीत), त्याने टाईप केलं, कु-रु-का-रु-नी, कारण त्यांच्याकडे ल नाही, सुटा र नाही आणि ण तर स्वप्नातही नाही. पुन्हा एरर. का? तर ही अर्ध्या रुंदीची अक्षरं आहेत, पूर्ण रुंदीची टाका. अक्षराची रुंदी! अहो, तेच अक्षर आहे, जरा बारीक आहे एवढंच, म्हणून काय ते कुलकर्णी राहिलं नाही का? आणि पत्त्यातले आकडे पूर्ण रुंदीचे, पण पिनकोडचे अर्ध्या रुंदीचे, हे कोणी ठरवलं त्याला मला एकदा भेटायचंय. सहा मिनिटं गेली.

मग फोन नंबर. ०९०, ०८० किंवा ०७० ने सुरू होणारा, अकरा आकडी. प्लस एक्क्याण्णव टाकायला जागाच नाही. हॉटेलचा मोबाइल नंबर टाकला, घेतला. तोपर्यंत साडेतीन मिनिटं उरली. मग कार्ड. मग बँकेचं ते पांढरं पान, मध्ये गोल गोल फिरणारं चक्र, आणि खाली, आम्ही तुमच्या मोबाइलवर ओटीपी पाठवला आहे.

माझं भारतातलं सिम बंद होतं. कारण ई-सिम टाकताना नवऱ्याने ‘उगाच रोमिंगचं बिल येईल’ म्हणून ती लाइनच बंद केली होती. हा माणूस घरी रिकाम्या खोलीत पंखा चालू ठेवून फिरतो. लाइन सुरू केली, नेटवर्क शोधतंय, शोधतंय, मी मोबाइल खिडकीबाहेर धरून उभी, खाली ओसाका झगमगतंय आणि माझ्या मोबाइलला एक दांडी येईना. पुन्हा पाठवा दाबलं. पुन्हा पाठवा दाबलं. मग बँकेने सांगितलं की तुमच्या सुरक्षिततेसाठी तुमचं कार्ड तात्पुरतं बंद करण्यात आलं आहे. टायमर संपला. गोलाची फुली झाली. आणि चाळीस मिनिटांनी, मी दात घासत असताना, टुंग टुंग टुंग, तिन्ही ओटीपी एकदम.

माझ्या सुरक्षिततेसाठी म्हणे. कोणापासून? बेसबॉलपासून?

आणि आंतरराष्ट्रीय व्यवहार मी निघायच्या आधीच चालू करून ठेवले होते हं, ते रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमापासून आपणहून चालू करावे लागतात एवढं मला माहितीये, मी काही अगदीच ही नाहीये. हेल्पलाइनला फोन केला. मराठीसाठी तीन दाबा. दाबलं. ‘जी मॅडम, बताइए.’ हे दर वेळी होतं. दर वेळी! तीन दाबून काय फरक पडतो ते कोणीतरी एकदा सांगा, मी एक दाबते मुकाट्याने. त्याला सांगितलं की मी जपानमध्ये आहे, कार्ड सुरू करा. तो म्हणाला हो मॅडम, फक्त आम्ही तुम्हाला एक ओटीपी पाठवतो.

बरं, हे सगळं मुळात परवाच्या रात्रीवर यायलाच नको होतं. मार्चमध्ये विक्री होती. फॅनक्लबवाल्यांचं आधी होऊन जातं, मग उरलंसुरलं आपल्यासारख्यांना, सकाळी दहा वाजता. मी सगळी तयारी केलेली. लॅपटॉप, टॅब, मोबाइल तिन्ही चार्ज, चहा केला, नवऱ्याला सांगितलं की वायफायवर काही बघायचं नाही, आणि बरोब्बर दहाला बसले. सगळीकडे फुल्या. मी अर्धा तास त्या साइटला, त्यांच्या सर्व्हरला, त्यांच्या पूर्वजांना शिव्या घातल्या. मग लेक आंघोळ करून आला आणि म्हणाला, आई, जपान आपल्यापुढे साडेतीन तास आहे ना?

हो. त्यांचे दहा म्हणजे आपले साडेसहा. मी चहा घेऊन बसले तेव्हा तिथे दीड वाजला होता, लोकं जेवून ताटं घासून मोकळी झाली होती. ती चूक माझी. मान्य. कोणाला सांगितलेली नव्हती, नवऱ्याला अजून माहीत नाहीये, त्याला साइट क्रॅश झाली असं सांगितलंय.

मला स्वतःला बेसबॉलमधलं दीड वर्षापूर्वीपर्यंत ओ की ठो कळत नव्हतं. हे सगळं लेकाचं. त्याची एक वही आहे, दोनशे पानी, वर ‘कोशिएन’ लिहिलंय. आता ती वही ऐकून ऐकून मलाच पाठ झालीये. १ ऑगस्ट १९२४ ला उघडलं. नाव कशावरून पडलं, तर आपल्याकडे प्रभव-विभव अशी साठ संवत्सरं असतात तसं त्यांचंही साठ वर्षांचं चक्र आहे आणि १९२४ हे त्या चक्रातलं पहिलं वर्ष होतं, त्या वर्षाच्या नावावरून. १९३४ मध्ये बेब रूथ तिथे खेळून गेला. इनफिल्डला, म्हणजे मैदानाच्या आतल्या भागाला, हिरवळ नाही, नुसती काळी माती, आणि उन्हाळ्यात शाळांची स्पर्धा असते तेव्हा हरलेली पोरं रडत रडत ती माती पिशवीत भरून घरी नेतात, आणि तेवढे दिवस टायगर्सना स्वतःचंच मैदान सोडून बाहेर खेळावं लागतं. हे वाचून माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, खोटं कशाला बोलू. आणि ते १९८५ चं प्रकरण, लीग जिंकल्याच्या आनंदात त्या तळलेल्या चिकनवाल्या म्हाताऱ्या कर्नलचा पुतळा लोकांनी ओसाकातल्या दोतोनबोरीच्या कालव्यात फेकला, का तर तो त्यांच्या रँडी बासच्या, म्हणजे त्यांच्या अमेरिकन बॅट्समनच्या जागी चालून जाईल म्हणून. त्या वर्षी जपान सीरिजही, म्हणजे तिथली फायनलही, जिंकले, पण त्यानंतर पुन्हा जिंकायला २०२३ उजाडलं. अडतीस वर्षं. पुतळा मधेच २००९ ला गाळातून वर काढला. परवा रात्रीनंतर काल सकाळी मी त्याच कालव्यावरच्या पुलावर उभी होते, आणि हातात टॅब होता, आणि अगदी खरं सांगते, फेकण्याची इच्छा मला समजली.

सासूबाईंचा फोन आला. ‘अगं एवढ्या लांब गेलाय तर देवळं बघा, बॅटबॉल काय आपल्या गल्लीतपण चालतो.’ मी फोन नवऱ्याकडे दिला.

कोनबिनीत, म्हणजे इथल्या कोपऱ्याकोपऱ्यावरच्या दुकानात जा, तिथल्या मशीनवर तिकिटं मिळतात, रोख पैसे चालतात, असं जो भेटतो तो सांगतो. गेले की. मशीन पूर्ण जपानी. मोबाइलचा कॅमेरा धरून भाषांतर करायचं तर तो म्हणे ‘मनोरंजन गिळा’. गिळलं. मग काउंटरवरचा पोरगा, असेल वीस-एकवीसचा, काउंटर सोडून आला, माझ्यासाठी दोन्ही हातांनी ती स्क्रीन दाबत बसला, मागे ऑफिसला चाललेले सहा जण रांगेत, कोणी हूं की चूं नाही, घड्याळाकडे पाहणं नाही. सगळी पानं झाल्यावर त्याने खोल श्वास घेतला, तोंडातून स्स्स असा आवाज काढला, आणि वाकला. नाहीयेत. मग पुन्हा वाकला. मग मीपण वाकले. मग रांगेतले दोघं वाकले.

आणि माझा खरा राग हा आहे. भांडायला माणूसच नाही! आपल्याकडे तिकीट नाही मिळालं तर निदान कोणाच्या तरी अंगावर जाता येतं. खिडकीतला माणूस तोंड वर न करता ‘संपली’ म्हणतो, आपण ‘अशी कशी संपली, पाच मिनिटं झाली फक्त’ म्हणतो, मागचा म्हणतो ‘ताई बाजूला व्हा’, त्याच्यावर आपण घसरतो, घरी जाईपर्यंत डोकं रिकामं झालेलं असतं. इथे ‘नाही’ असं कोणी म्हणतच नाही. सगळे क्षमा मागतात. ती रीसेलची साइटसुद्धा एरर देताना आधी कुरुकारुनी-सामा, म्हणजे कुलकर्णी बाईसाहेब, म्हणते, मग क्षमस्व म्हणते, मग हाकलते. सोडतीत नाव घातलं होतं एका मॅचला, त्याचाही मेल आला, चार ओळी नुसता खेद. एवढ्या आदराने मला आजवर कोणी हाकललेलं नाही, लग्नाच्या वेळी माझ्या सासरच्यांनीसुद्धा नाही.

एका साइटला तर फोन करून सिद्ध करायचं होतं की मी मीच. ०५७० वाल्या नंबरवर फोन लावा, रजिस्टर केलेल्या मोबाइलवरूनच. तो नंबर परदेशी मोबाइलवरून लागतच नाही. म्हणजे जपानमध्ये नसाल तर तिकीट काढता येत नाही, आणि जपानमध्ये पोचाल तेव्हा तिकिटं संपलेली असतात. आणि मी माणूस आहे हे सिद्ध करायला हिरागानात, म्हणजे त्यांच्या दुसऱ्या लिपीत, चार वाकडी अक्षरं. मी नाही सिद्ध करू शकले.

हो, ते परदेशी रीसेलवाले आहेत. दोन-तीन हजार येनचं तिकीट अठरा हजारला. फोटो छान, इंग्रजी छान, कार्ड चटकन घेतात, ओटीपीसुद्धा लगेच येईल बघा तिथे. पण जपानमध्ये २०१९ पासून चढ्या भावाने तिकीट विकण्याच्या धंद्याविरुद्ध कायदा आहे, तिकिटावर भलत्याचंच नाव असलं आणि गेटवर अडवलं तर काय करणार, वाकणार? लेकाला स्टेडियमच्या दारातून परत आणायची माझी हिंमत नव्हती. म्हणून नाही घेतलं. तत्त्व वगैरे काही नाही, उगाच मोठेपणा नको. अठरा गुणिले तीन केलं आणि टॅब बंद केला.

माझ्या नशिबातच तिकीट नाही बहुतेक. गणपतीत कोकणात जायचं तर पहिल्याच मिनिटाला वेटिंग. २०२५ च्या जानेवारीत नवी मुंबईत कोल्डप्ले आलं तेव्हा रांगेतला माझा नंबर माझ्या गावाच्या लोकसंख्येपेक्षा मोठा होता. नाटकाला जावं तर पहिल्या तीन रांगा पाहुण्यांसाठी, आणि ते पाहुणे कधीच येत नाहीत, आणि आपण तेराव्या रांगेतून त्या रिकाम्या खुर्च्या बघत बसतो. यावर मी वेगळं लिहिणार आहे.

तर काल संध्याकाळी. नवरा त्याच्या इथल्या ऑफिसातून आला, मोजे काढता काढता म्हणाला, ‘अगं, तुला त्या मॅचची तिकिटं हवी होती ना? आमच्या टीममधला एक जण फॅनक्लबचा मेंबर आहे. दर वर्षी असतात त्याच्याकडे. मला आधी बोलली असतीस तर.’

आधी. बोलली असतीस. तर.

मार्चपासून या घरात दुसरं काही बोललं गेलेलं नाहीये. वही बोलली, लेक बोलला, मी झोपेत बोलले असेन. आणि हा माणूस आठ दिवस त्या फॅनक्लबवाल्याशेजारी बसून दुपारचं जेवण जेवतोय.

त्याच्याकडे जादा दोन होती. दोन. तीन नाही. एक लेकाचं हे उघड आहे. दुसऱ्यावर नवरा म्हणाला ‘तू जा की’, एकदाच म्हणाला, आणि लगेच पुढे, ‘पण तो माझ्या ऑफिसातला आहे, तुझी ओळख नाही, तुला अवघडल्यासारखं होईल ना.’ झालं.

म्हणून मी आत्ता हॉटेलच्या लाँड्रीच्या खोलीत बसून हे लिहितेय, समोर आमचेच कपडे फिरतायत, बत्तीस मिनिटं राहिलीत, इथेही टायमर. तासाभरापूर्वी नवऱ्याने फोटो पाठवला. दोघांनी काळे-पिवळे जर्सी घातलेत, मागे सगळं स्टेडियम, ट्रंपेट, झेंडे, प्रत्येक बॅट्समनचं वेगळं गाणं, सगळी जनता उभी राहून गातेय, आपल्या ढोलपथकासारखा दणका असणार, आणि खाली लिहिलंय, ‘तुला खूप मजा आली असती’.

लाँड्रीत छोटा टीव्ही आहे. त्यावर मॅच लावलीये. दर वेळी कॅमेरा उजव्या आउटफिल्डकडे गेला की मी पुढे सरकते, पण तिथे सगळेच काळे-पिवळे. चौथी इनिंग चालू आहे. आणि लोकं आता पिशव्यांमधून रेनकोट काढताना दिसतायत. कोशिएनला पूर्ण छप्पर नाही, ते फक्त इनफिल्डच्या मागच्या सीट्सवर आहे, हेही वहीत आहे, पान चौदा.

मी देवाला काहीही सांगितलेलं नाही. लेकासाठी मनापासून वाईट वाटतंय. त्याच्यासाठीच फक्त. पावसाने मॅच रद्द झाली तर तिकिटाचे पैसे परत देतात, तेही बहुतेक त्या ऑफिसवाल्याच्या कार्डावर एका मिनिटात जमा होतील, कुठला ओटीपी न येता.

छत्री नवरा इथेच विसरून गेलाय. दाराजवळ दिसतेय मला.