रोमला एकच दिवस असेल तर पाण्याच्या मागे जा

युरोपला निघालेल्या ओळखीतल्या प्रत्येकाला मी सध्या एकच सांगते. रोमसाठी एक दिवस हाताशी असेल तर 'बघायच्या गोष्टीं'ची यादी घेऊन पळू नका. व्हॅटिकन आणि कोलोसियम एकाच दिवसात तर मुळीच कोंबू नका. त्यात दोन्हीकडच्या रांगा तेवढ्या लक्षात राहतात. व्हॅटिकनला वेगळी सकाळ द्या, ती नसेल तर यावेळी सोडून द्या. तिथल्या सिस्टाइन चॅपेलच्या छतावरची चित्रं १५१२ पासून आहेत, पुढच्या खेपेलाही असतील.

आमचा दिवस कसा गेला ते लिहिते, कारण तो ह्यांच्यामुळे फार वेगळा गेला. हे आयुष्यभर पाणीपुरवठ्याच्या कामात होते. कुठल्याही गावी गेलो की आधी टाकी कुठे आहे ते बघणारा माणूस.

सकाळी साडेआठला आम्ही कोलोसियमच्या दारात होतो. तिकीट नावानिशी आणि वेळेनिशी आधीच काढलेलं हवं, तिथे जाऊन मिळेल या भरवशावर राहू नका. बाहेरच्या कमानींवर अजून रोमन आकडे कोरलेले दिसतात. इ.स. ८० मध्ये पन्नासेक हजार माणसं त्या आकड्यांवरून आपापल्या जागी जाऊन बसत. त्याच तिकिटावर शेजारचा फोरम, म्हणजे जुन्या रोमचा मुख्य चौकही बघता येतो. तिथे सगळे मंदिरांचे खांब बघत असताना हे मला 'क्लोआका मॅक्सिमा' या जुन्या मोठ्या गटाराबद्दल सांगत होते. फोरमची जागा म्हणजे मुळात दलदल. अडीच हजार वर्षांपूर्वी तिचं पाणी टायबर नदीत काढून दिलं, तेव्हा कुठे त्यावर शहर उभं राहिलं. "आधी गटार, मग सिनेट," हे म्हणाले. मला ते शंभर टक्के पटतं.

उन्हात तहान लागली आणि पहिली 'नासोनी' भेटली. रस्त्याकडेला बिडाचा बुटका खांब, त्याला नाकासारखी वाकडी तोटी आणि अखंड वाहणारं गार पाणी. १८७४ पासून हे खांब बसवायला सुरुवात झाली, आज शहरात दोन हजारांहून जास्त आहेत. तोटीचं तोंड बोटाने दाबलं की वरच्या भोकातून धार उडते, ओणवं न होता पाणी पिता येतं. दिवसभरात आम्हाला पाण्याची बाटली विकत घ्यावी लागली नाही. २०१७ च्या दुष्काळात यातल्या बऱ्याच बंद करायला घेतल्या होत्या, म्हणजे पाण्याची चिंता त्यांनाही आहे. तरी वाटसरूला फुकट पाणी मिळालंच पाहिजे ही रीत त्या शहराने सोडलेली नाही. एवढ्यासाठीसुद्धा मी रोमला मोठं शहर म्हणेन.

दुपारी मेट्रोने 'स्पान्या'ला उतरलो. स्पॅनिश स्टेप्सच्या पायऱ्यांवर २०१९ पासून बसू देत नाहीत, त्यामुळे तिथे वेळ मोडत नाही. पायऱ्यांच्या खाली मात्र थांबा. तिथे दगडी होडीचं कारंजं आहे, अर्धवट बुडाल्यासारखं, जमिनीच्या पातळीला. पिएत्रो बेर्निनी या शिल्पकाराचं काम, १६२९ च्या सुमाराचं. कारंजं असं खाली बसवलं कारण तिथे पाण्याला दाबच नव्हता. धार उंच उडणार नाही म्हटल्यावर त्याने होडीच केली! हे तिथून हलेनात.

ते पाणी येतं 'आक्वा व्हिर्गो' या नळातून. नळ म्हणजे तोटी नव्हे, लांबून शहरात पाणी आणणारी बांधीव वाहिनी. इ.स.पू. १९ मध्ये आग्रिप्पा या सम्राट ऑगस्टसच्या जावयाने तो बांधला. सुमारे २० किलोमीटर लांब, बहुतेक जमिनीखालून, आणि एवढ्या अंतरात एकूण उतार फक्त चारेक मीटर. म्हणजे किलोमीटरला वीतभर! पंप नाही, वीज नाही. इ.स. ५३७ मध्ये गॉथ टोळ्यांनी रोमला वेढा घालून नळ तोडले. हा बराचसा जमिनीत असल्याने पुरता मेला नाही, पुढे पोपांनी दुरुस्त केला आणि आजही तो कारंज्यांना पाणी देतो.

तिथून दहा मिनिटं चाललं की त्याच पाण्यावरचं ट्रेव्ही कारंजं. गर्दी विचारू नका. सगळे पाठ करून नाणी टाकत असतात (ती नाणी धर्मादाय कामाला जातात, जरूर टाका). पण एकदा मान वर करून बघा. डावीकडच्या कोरीव पट्टीत आग्रिप्पा नळाची आखणी बघतोय. उजवीकडच्या पट्टीत एक मुलगी सैनिकांना या नळाच्या उगमाचा झरा दाखवतेय. नळ बांधणाऱ्याला एवढा मान देणारं दुसरं कारंजं मी पाहिलेलं नाही.

वाटेत बटाट्याचा पिझ्झा घेतला. कात्रीने तुकडा कापून वजनावर देतात. उभ्यानेच खाल्ला.

मग पँथिऑन, घुमटाचं प्राचीन देऊळ. दारावर मोठ्या अक्षरांत आग्रिप्पाचंच नाव! त्याची मूळ इमारत जळाली, आजची सम्राट हेड्रियनने इ.स. १२५ च्या सुमारास बांधली आणि जुनं नाव तसंच ठेवलं. घुमटाचा व्यास ४३.३ मीटर, लोखंडाशिवायचं काँक्रीट, माथ्यावर उघडं भोक. पाऊस थेट आत पडतो आणि जमिनीतल्या बारीक भोकांतून निघून जातो. याच्या मागेच आग्रिप्पाची स्नानगृहं होती. नळ मुळात त्यांच्यासाठी आणला होता.

शेवटी पियात्सा नव्होना. इथलं चार नद्यांचं कारंजं १६५१ चं, पिएत्रोच्या मुलाचं, जानलोरेन्झो बेर्निनीचं, आणि पाणी त्याच नळाचं. चार नद्यांत डॅन्यूब, नाईल, दक्षिण अमेरिकेतली प्लाता आणि आपली गंगा! हातात वल्हं घेतलेला दाढीवाला पुरुष. रोमन शिल्पात नद्यांना पुरुषरूप देतात हे मला ठाऊक होतं, तरी गंगामाईला तशी बघताना गलबलून आलं. मी नकळत हात जोडले.

आणि तिथेच मला पुण्याचा कात्रजचा नळ आठवला. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५० च्या सुमारास, कात्रजच्या तलावातून शहरात पाणी आणलं, तेही निव्वळ उतारावर. शनिवारवाड्याला आणि पेठांमधल्या हौदांना तेच पाणी. साततोटी चौकातून आपण रोज जातो, पण त्या तोट्या कुणी पाहिल्यात? कितीतरी हौद बुजले, काही नावापुरते उरले. नळाचे उच्छ्वास (हवा खेळती ठेवणारे बांधीव मनोरे) रस्त्यांखाली आणि इमारतींखाली गेले. आमच्या ह्यांना याचा मनापासून राग येतो आणि मलाही येतो. रोमवाल्यांना आपल्यापेक्षा जास्त अक्कल होती असं नाही. त्यांनी पाणी वाहतं ठेवलं, म्हणून त्यावर कारंजी बांधायची इच्छा पिढ्यानपिढ्या टिकली. आपल्याकडे पाणी थांबलं आणि हौद अडगळ झाले.

आमची मागणी साधी आहे. कात्रज ते शनिवारवाडा अशी एक पायवाट आखा. उरलेले उच्छ्वास आणि हौद स्वच्छ करा, प्रत्येकापाशी पाटी लावा आणि किमान एका हौदात पाणी सोडा. ह्यांनी नकाशावर खुणा करायला घेतल्यात. तुमच्या वाड्यात, सोसायटीत, आजोबांच्या आठवणीत एखादा हौद असेल तर पेठ आणि जागा खाली लिहा, जुना फोटो असला तर तोही टाका. कसबा आणि शनिवार पेठेतल्यांनी तर नक्की.