पौर्णिमेच्या दुपारी बारा वाजता कुलाबा किल्ला?

आज सकाळी ऐरोलीतल्या आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर अलिबागजवळच्या अक्षीतल्या दोन दिवसांच्या कॅम्पिंगचे वेळापत्रक आले आणि तेव्हापासून माझे कशातच लक्ष लागलेले नाही. पाण्यापासून दहा पावलांवर तंबू, शनिवारी दुपारी चार ते सात खेळ आणि संगीत, रात्री बार्बेक्यू आणि पुन्हा संगीत, रविवारी उशिरा नाश्ता, आणि मग दुपारी बारा वाजता, तेही ‘वेळ उरल्यास’, अलिबागसमोरच्या समुद्रातला, ओहोटीला चालत जाता येणारा कुलाबा किल्ला. चांदणे हवे म्हणून शनिवार मुद्दाम पौर्णिमेचा निवडलेला आहे. मित्रहो, पौर्णिमेच्या सुमारास आपल्या किनाऱ्यावर दुपारी बाराच्या आसपास भर भरती असते, आणि त्या वेळी किल्ला व किनारा यांच्यामध्ये समुद्र असतो. समुद्रावर राहायला निघालेल्या माणसांनी समुद्राचीच वेळ पाहिलेली नाही.

मी गटावर तसे लिहिले, तर एकाने उत्तर दिले, “तिथे बघण्यासारखे आहे तरी काय? आपण आराम करायला चाललो आहोत.” हे वाक्य मला वेळापत्रकापेक्षा अधिक लागले.

१९९३ साली आम्ही कळव्याला राहत होतो. वडिलांनी ओळखीच्या एका कंत्राटदाराकडून ताडपत्री आणि चार बांबू मागून आणले आणि ठाण्याहून एसटीने आम्हा चौघांना अक्षीला नेले. सुरूच्या बनापुढे, मऊ कोरडी वाळू पाहून त्यांनी तंबू उभारला. संध्याकाळी मासळीची रिकामी पाटी घेऊन घरी निघालेल्या एक कोळी मावशी आमच्यापाशी थांबल्या. वाळलेले शेवाळ, शिंपल्यांचा चुरा आणि काटक्या यांची एक वाकडी रेघ किनाऱ्यावर पडलेली होती, ती त्यांनी पायाने दाखवली आणि म्हणाल्या, “आज आवस हाय, दादा. पानी वर येल.” आमचा तंबू त्या रेघेच्या खाली होता. वडिलांना ते पटायला वेळ लागला, पण मावशी हलल्याच नाहीत. बांबू उपटायला त्यांनीच हात लावला. मध्यरात्री आईने मला उठवून बाहेर आणले, तेव्हा आमची चूल जिथे पेटवली होती तिथे पाणी खळखळत होते.

‘पाण्यापासून दहा पावलांवर’ हे शब्द वाचताना मला ती चूल आठवली. दहा पावले कोणत्या वेळेची? ओहोटीला मोजलेली दहा पावले रात्री बारा वाजता कुठे असतील?

हे काही गूढ शास्त्र नव्हे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ अंदाजे कळते, हे कोकणातल्या कितीतरी घरांत मुलांनाही ठाऊक असते. अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा-बारा, आणि त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येचे उधाण मोठे असते, म्हणजे पाणी जसे अधिक वर चढते तसेच अधिक दूरही जाते. तंबू कुठे ठोकायचा, पोरांना पाण्यात केव्हा सोडायचे आणि किल्ल्यात केव्हा जायचे, हे सगळे यावरून ठरते. मुंबई-पुण्याची माणसे हे न विचारता पाण्यात उतरतात आणि काशीद-मुरूडला काय होते ते आपण वर्षानुवर्षे वाचतो. २०१६ च्या फेब्रुवारीत मुरूडला सहलीला आलेले पुण्याचे विद्यार्थी बुडाले, तेव्हा याच गटावर आपण सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली होती. त्या हळहळीतून आपण शिकलो काय, हे मला आज विचारायचे आहे, आणि मी ते रागानेच विचारते आहे.

पंचेचाळीस कुटुंबे नेणाऱ्याला जेवणाच्या वेळा सांभाळाव्या लागतात, हे मान्य आहे. तंबूंच्या धंद्यामुळे गावातल्या मुलांना काम मिळते, तेही खरे.

पण ‘बघण्यासारखे काय आहे’ हे मी मान्य करणार नाही. अलिबाग ते मुरूड हा जेमतेम पन्नास किलोमीटरचा पट्टा आहे. जिथे आपण तंबू ठोकणार, त्या अक्षीतच शके ९३४, म्हणजे इसवी सन १०१२ चा शिलालेख आहे, जो मराठीतला आद्य शिलालेख मानला जातो. त्याच्या आरंभी जगात सुख नांदो अशी इच्छा कोरलेली आहे. १९९३ साली तो रस्त्याच्या कडेला धूळ खात उभा होता. वडिलांना अक्षरे लागली नाहीत, पण वरचे चंद्र-सूर्य त्यांनी आम्हाला बोटाने दाखवले होते. मराठी शाळा टिकाव्यात म्हणून आपण सह्या गोळा करतो आणि त्या दगडापासून हाकेच्या अंतरावर दोन दिवस संगीत लावून परत येणार, हे मला सहन होत नाही.

अलिबागेतच ती चुंबकीय वेधशाळा आहे, जी मुंबईत विजेच्या ट्राम धावणार म्हणून तिथल्या कुलाब्याहून १९०४ साली इथे हलवली गेली. मोजमापात बाधा येऊ नये म्हणून बांधकामात लोखंड टाळलेले आहे. रेवदंड्याची पोर्तुगीज तटबंदी आहे. कुंडलिकेवरचा पूल ओलांडला की कोर्लई येते, जिथल्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिश्रणातून झालेली बोली आजही घराघरांत बोलली जाते. पुढे फणसाडच्या जंगलात शेकरू आहे आणि त्याही पुढे राजपुरीहून होडीने जंजिरा. हे सगळे दोन दिवसांत करा, असे माझे म्हणणे नाही. एक करा, पण तिथे काही नाही, असे म्हणू नका.

एवढे लिहून झाल्यावर मी वेळापत्रक पुन्हा उघडले. ते करणारा मुलगा महापेला रात्रपाळी करतो आणि झोपमोड करून, एक पैसा न घेता, या सगळ्यांची मोट बांधतो आहे. त्याच्यावर माझा राग नाही. त्याला कोणी मावशी भेटलेल्या नाहीत, एवढेच. आम्हाला भेटल्या म्हणून दुसऱ्या दिवशी उजाडताच, पाणी दूर गेलेले असताना, आम्ही ओल्या वाळूवरून आणि खडकांवरून चालत कुलाबा किल्ल्यात गेलो. चारी बाजूंनी खारे पाणी असलेल्या त्या किल्ल्यात गोडे पाणी आहे, हे कळल्यावर माझ्या धाकट्या भावाने ते ओंजळीने पिऊन खात्री करून घेतली. वडील मात्र सारखे मागे वळून पाण्याकडे पाहत होते आणि मावशींनी सांगितलेल्या वेळेआधी त्यांनी आम्हाला परत किनाऱ्यावर आणले.

म्हणून मी आत्ताच त्या मुलाला वेगळा निरोप पाठवला आहे. तारीख तीच ठेव, कारण उधाणाच्या ओहोटीलाच पाणी अधिक हटते. शनिवारी दुपारी चार ते सात जे खेळ ठेवले आहेत, ते रविवारी बारा वाजता घे आणि किल्ला शनिवारी साडेचारला घे. निघण्यापूर्वी किनाऱ्यावरच्या कोळी बांधवांना एकदा विचारू. तंबू शेवाळाच्या रेघेच्या वर, सुरूंच्या बाजूला. रात्री दहानंतर संगीत बंद, कारण पलीकडे गाव झोपलेले असते. मुलांना घेऊन पुढे चालायला मी येते. आपल्या गटातले जे येणार आहेत त्यांनी खाली नाव लिहावे, आणि ओल्या खडकावर घसरणार नाहीत अशा चपला आणाव्यात.