‘विमानं एकूण एक परत आली’ म्हणे!

काका नौदलाच्या हवाई शाखेतून निवृत्त झालेत. नौदल दिनाला, म्हणजे 4 डिसेंबरला, नेमका त्यांनाच कुणीतरी हा मेसेज पाठवला: ‘1971 च्या युद्धात नौदलाने फक्त खुकरी ही युद्धनौका गमावली. विमानं एकूण एक परत आली. तशीही ती हवाई दलाचे वैमानिकच चालवायचे, नेव्हीवाले फक्त जहाजावर.’ खाली तिरंगा. काकांनी मोबाइल माझ्या हातात दिला. ‘तूच लिही काय ते.’

हवाई दलाचं आधी उरकतो. कोचीचा ‘गरुड’ हा नौदलाचा हवाई तळ 1953 पासूनचा. वैमानिक नौदलाचेच. विषय संपला.

खुकरी गेली हे खरंच: 9 डिसेंबरच्या रात्री दीवजवळ, 18 अधिकारी आणि 176 नौसैनिकांसह. पण ‘फक्त’? दुसऱ्याच दिवशी, 10 डिसेंबरला, नौदलाचं अलीझे विमान अरबी समुद्रावर पाडलं गेलं. पाकिस्तानी हवाई दलाच्या 9 व्या स्क्वाड्रनचे विंग कमांडर आरिफ इक्बाल यांनी स्टारफायटर या लढाऊ विमानातून ते पाडलं, असा त्यांचाच दावा आहे. पाडणारा म्हणतो पाडलं, आणि आपण अभिमानाने सांगायचं, पडलंच नाही!

अलीझे म्हणजे पाणबुड्या हुडकणारं, नाकावर एकच पंखा असलेलं विमान. ताशी जेमतेम पाचशे किलोमीटर. स्टारफायटर आवाजाच्या दुप्पट वेगाचं. पळणार कुठे?

एवढं मान्य करतो की पूर्वेकडे विक्रांत या विमानवाहू नौकेवरून उडालेल्या सी हॉक लढाऊ विमानांपैकी शत्रूने एकही पाडलं नाही. मेसेजवाल्याने तेवढंच कुठेतरी ऐकलं असणार आणि अख्ख्या युद्धाला चिकटवलं.

खरा राग येतो तो ‘नेव्हीवाले फक्त जहाजावर’ याचा. त्या अलीझेत लेफ्टनंट कमांडर अशोक रॉय होते, लेफ्टनंट सिरोही होते आणि एअरक्रूमन विजयन. युद्धाच्या गोष्टींत रॉय यांचं नाव कधीतरी येतं. विजयन हा नौसैनिक; त्याचं नाव आडनावाशिवाय, असंच एकटं भेटतं, तेही शोधलं तर. गोव्यात बोगमाळोला नौदलाच्या संग्रहालयात एक अलीझे उभं आहे. काका तिथे गेले की पंख्याकडे बघतसुद्धा नाहीत. पुढच्या दोन जागांच्या मागे बोट दाखवतात: ‘तिसरा इथे बसायचा, आडवा, यंत्रांकडे तोंड करून.’

काल त्यांनी त्या मेसेजखाली तीन नावं टाकली. विजयन सगळ्यात आधी. पाठवणाऱ्याने त्यावर अंगठा टाकलाय.