आधी कंबर, मग खांदे

शेजाऱ्याला ‘हो’ म्हणण्याआधी त्याचं वाक्य संपू द्यावं. ‘ऑक्टोबरच्या शेवटी डोंगरात येतोस का?’ एवढं ऐकून मी हो म्हणून मोकळा झालो. ‘मला शिकारीत एल्क मिळाला तर तो खाली आणायला’ हे शेपूट मागाहून आलं.

यात थोडा दोष अमेरिकेतल्या, कोलोरॅडो राज्यातल्या डेन्व्हरचाही आहे. आम्ही राहतो ते उपनगर आणि अख्खं डेन्व्हर समुद्रसपाटीपासून साधारण १६०९ मीटर, म्हणजे बरोबर एक मैल उंचीवर. कळसूबाई १६४६ मीटर. कॉलेजात असताना बारी गावातून पहाटे निघून, धापा टाकत, लोखंडी शिड्या चढून जी उंची गाठली की आम्ही फोटो काढायचो, जवळपास तेवढ्या उंचीवर इथे लोक चपला घालून दूध आणायला जातात. त्यामुळे आपण बसल्याजागी गिर्यारोहक झालोय असा माझा समज झाला होता. शिवाय सह्याद्रीतल्या पंधरा-वीस किल्ल्यांची पुण्याई होतीच. तेव्हाची आमची सॅक म्हणजे दोन पट्टे लावलेलं पोतं. त्यात बटाटे, बाहेर लटकणारं पातेलं. ओझं खांद्यावर घ्यायचं, खांदे दुखायचे, घरी येऊन तेल लावायचं. यात शिकण्यासारखं ते काय?

एल्क म्हणजे आपल्या सांबराच्याच कुळातला, पण खात्यापित्या घरचा. मोठा नर तीनशे किलोच्या पुढे सहज जातो. अमेरिकेत सगळ्यांत जास्त एल्क कोलोरॅडोत. ऑक्टोबर लागला की आमच्या गल्लीतल्या गॅरेजांतून बंदुका आणि मोठे कूलर बाहेर निघतात.

आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, “अरे, पोलीस धरतील!” तिचं बरोबर होतं. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यापासून शिकार म्हटलं की कोर्टकचेरी. इथे मोसम ठरलेला, रीतसर परवाना मिळतो, आणि खाण्याजोगं मांस रानात टाकून आलात तर मात्र सरकार धरतं. चारही तंगड्या, पाठीचे दोन्ही लांब पट्टे, आतला मऊ भाग, सगळं खाली आलं पाहिजे. शिंगं राहिली तरी चालतात.

“मग तू नेमकं काय करणार?”

“हमाली.”

“त्यासाठी तुला इंजिनियर केलं होय?”

शेजारी साठी ओलांडलेला, निवृत्त. त्याच्या तोंडून दिवसाकाठी पंधराएक शब्द निघतात, त्यातले पाच कुत्र्यासाठी असतात. निघायच्या पंधरा दिवस आधी त्यानं मला गॅरेजमध्ये बोलावलं आणि खुंटीवरून आपली जुनी शिकारी सॅक काढली. ही नुसती पिशवी नसते. पाठीला एक ताठ सांगाडा, आणि पिशवी त्या सांगाड्यापासून सोडवून मागे सरकवता येते. मधल्या फटीत मांसाची थैली बसवायची आणि बाहेरून पट्ट्यांनी आवळायची. लहानपणी दळणाला जाताना सायकलची सीट आणि कॅरिअरवरचा डबा यांच्यामध्ये आम्ही ज्वारीची पिशवी कोंबायचो, तसंच. पट्टे मी मोजले. चौदा. नऊवारी नेसणं याहून सोपं असावं.

मग त्यानं शिंप्यासारखा टेप काढला. मान खाली घालायला लावली. मानेच्या बुडाशी जे हाड टुचकन वर येतं, तिथे टेपचं एक टोक. मला दोन्ही हात कमरेच्या हाडांवर ठेवून उभं केलं, नळावर नंबर चुकवणाऱ्याला जाब विचारायला माणूस उभा राहतो तसं. अंगठ्यांना जोडणाऱ्या रेषेवर टेपचं दुसरं टोक. साडेसतरा इंच. त्यानं टेपकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि सांगाड्याची उंची तीन घरं खाली उतरवली. माझी उंची पाच फूट दहा इंच, पण सॅकला तुमच्या उंचीशी काही कर्तव्य नसतं. तिला धड लागतं, आणि माझं धड निघालं आखूड. घरी येऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, “तरीच एक शर्ट धड बसत नाही.”

जड पाणी मऊ करायच्या यंत्रात घालायचं मीठ इथे चाळीस पौंडांच्या पिशवीत मिळतं, म्हणजे अठरा किलो. तसली एक पिशवी सॅकमध्ये आवळून त्यानं माझ्या पाठीवर दिली. मी जुन्या सवयीनं खांद्याचे पट्टे खसकन ओढले. त्यानं शांतपणे येऊन सगळे पट्टे सोडले आणि त्या दिवशीचे पंधरा शब्द माझ्यावर खर्च केले. आधी सगळं सैल. मग खांदे उचलायचे, कमरपट्टा हाडाच्या कठड्यावर चढवायचा आणि आवळायचा. पोटावर नाही, हाडावर. मग खांद्याचे पट्टे नुसते टेकतील इतपत ओढायचे. मग खांद्यावरून सॅकच्या डोक्याकडे तिरक्या, साधारण ४५ अंशांत चढणाऱ्या दोन पट्ट्या असतात, त्या खेचायच्या. त्यांनी ओझ्याचं डोकं पाठीशी येतं, नाहीतर ते रुसलेल्या जावयासारखं सारखं मागे ओढत राहतं. अगदी शेवटी छातीचा पट्टा.

हे सगळं केल्यावर माझ्या खांद्यांवर काहीच उरलं नाही. मी दोनदा मागे वळून मीठ आहे ना ते पाहिलं.

सराव म्हणून घरी वीस पौंडांची कणकेची पिशवी बांधून जिने चढलो. पिशवी पातळ होती, पट्टा मी उत्साहानं आवळला. दिवाळी आठवड्यावर आली होती आणि जिन्यावर पांढऱ्या पावलांची रांग उमटली. बायको म्हणाली, “लक्ष्मीची पावलं काढायची इतकी घाई होती का?”

इथल्या कायद्यानं बंदुकीच्या मोसमात शिकाऱ्याच्या अंगावर कमरेच्या वर किमान पाचशे चौरस इंच झगझगीत केशरी रंग लागतो, शिवाय डोक्यावर त्याच रंगाची टोपी. २०१६ पासून झगझगीत गुलाबीही चालतो. मी शिकारी नव्हतो, पण झुडपात हलणाऱ्या गोष्टींकडे लोक बंदुकीच्या नळीतून बघतात त्या दिवसांत मीही हौसेनं केशरी झालो. डोक्याला भगवं, पाठीला गाठोडं. वारीत वाट चुकलेला माणूस आळंदीहून थेट कोलोरॅडोत निघाला असावा, असा माझा अवतार होता.

आम्ही गेलो कोलोरॅडोतल्याच फ्लॅट टॉप्स नावाच्या डोंगरांत. नावाप्रमाणे वर सपाट. पाचगणीचं टेबललँड उचलून तीन हजार मीटरवर ठेवावं आणि वरून बर्फ भुरभुरावा तसं. कड्याकडे पाहिलं आणि मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. काळा बसाल्ट, थरावर थर. इथेही लाव्हाच वाहून थिजला आहे. फरक एवढाच की कळसूबाईच्या जवळजवळ दुप्पट उंचीवर उभा असल्यानं मला घरी आल्याचा आनंद मोठ्यानं व्यक्त करायला श्वास नव्हता.

हा भाग संरक्षित रानात मोडतो. १९६४ च्या कायद्यानं तिथे इंजिनच काय, चाकसुद्धा नेता येत नाही. म्हणजे हातगाडीही नाही. घोडा चालतो, खेचर चालतं, भाड्यानं आणलेला लामा नावाचा उंटाचा चुलतभाऊसुद्धा चालतो. आणि मी चालतो.

शनिवारी सकाळी साडेसातला दूरवर एक आवाज झाला. तासाभरानं मी आणि शेजाऱ्याचा चोवीस वर्षांचा भाचा तिथे पोचलो. कापाकापीचं वर्णन करत नाही, कारण मी त्या वेळी कड्याचे थर मोजत होतो. राखी रंगाचे दोन-तीन पक्षी आले आणि इतक्या जवळ बसून वाट बघू लागले की पितृपक्षातले कावळे लाजावेत. भाचा पुढच्या दोन्ही तंगड्या पाठीवर टाकून शिट्टी वाजवत निघूनही गेला. माझ्या वाट्याला मागची एक तंगडी आली. सुती थैलीत घातलेली, अंदाजे अठ्ठावीस किलो. गाडी पाच किलोमीटर खाली.

तंगडी मी सांगाड्याला बांधली, आणि जड गोष्ट खाली असावी या प्रामाणिक समजुतीनं अगदी तळाशी बांधली. पन्नास पावलांत पाठीमागून कोणीतरी सदऱ्याला धरून लोंबकळतंय असं वाटू लागलं. पुन्हा उतरवली. वजनाचा मुख्य भाग खांद्याच्या पात्यांच्या मध्ये, सांगाड्याला घट्ट चिकटून हवा. भरलेली बादली छातीशी धरून चालता येतं, तीच हात लांब करून धरली की दहा पावलांत मनगट तुटतं, एवढंच त्याचं शास्त्र. दुसऱ्यांदा बांधल्यावर थैली बरोबर बसली आणि मला एक गोष्ट जाणवली, जी गॅरेजातल्या मिठानं सांगितली नव्हती. ते मांस अजून कोमट होतं. बर्फात पाठीला हलकी ऊब येत होती. थोडा वेळ मी काही बोललो नाही.

उभं राहणं हा स्वतंत्र विधी असतो. खाली बसून सॅकला पाठ टेकायची, पट्टे चढवायचे, मग कुशीवर लोळून चार पायांवर यायचं, आणि मग काठ्यांच्या आधारानं एकेक गुडघा सरळ करायचा. मी चार पायांवर असताना शेजाऱ्यानं फोटो काढला. तो अजून त्याच्या फ्रिजवर आहे.

आता मुख्य संकट. निघायच्या आधी शेजाऱ्यानं मला पँटचा चामड्याचा पट्टा काढायला लावला होता. कमरपट्ट्याखाली बक्कल आलं की ते हाडात रुततं. सल्ला रास्त होता, पण तो देणाऱ्यानं स्वतःच्या पँटला खांद्यावरून गॅलस लावले होते. माझी पँट आता फक्त सॅकच्या कमरपट्ट्याच्या भरवशावर होती. त्यात माझ्या कमरेला कठडा असा नाहीच. पोट आहे, मग उतार आहे, मग थेट पाय. पट्टा दर दोनशे पावलांनी घसरायचा. तो सैल सोडून पुन्हा वर चढवायचा म्हणजे खांदे उचलायचे, बक्कल सोडायचं, आणि तेवढ्या दोन सेकंदांत पँट आपली वाट धरायची. दोन हात पट्ट्याला, दोन हात पँटला, दोन हात काठ्यांना. सहा हात फक्त दत्तगुरूंना असतात.

तिसऱ्यांदा पट्टा वर चढवताना पँट गुडघ्यापर्यंत गेली. समोरच्या वाटेनं दोन केशरी शिकारी येत होते. त्यांनी टोपीला हात लावला. मीही लावला, कारण एवढा एकच हात मोकळा होता, आणि तो मोकळा करणं चूक होती.

शेजाऱ्यानं खिशातून दोरी काढली, पट्ट्याच्या घरांतून ओवली आणि पुढे गाठ मारली. नाडी! मी इंजिनियर असूनही जी गोष्ट मला सुचली नाही, ती आपल्याकडे लेंग्यात जन्मजात असते.

त्यानंतर मात्र काहीतरी जुळलं. पट्टा हाडावर थांबला. ओझं कमरेतून पायात, पायांतून जमिनीत जाऊ लागलं आणि खांदे रिकामे राहिले. आजी आठवली. विहिरीवरून येताना एक हंडा चुंबळीवर, दुसरी कळशी कमरेच्या हाडावर, आणि वाटेत भेटेल त्याच्याशी अख्ख्या गावाच्या चौकश्या. आम्हा नातवंडांनाही ती कडेवर घ्यायची, खांद्यावर कधी नाही. खांद्यावर घ्यायचे ते काका, आणि पाच मिनिटांत उतरवायचेही काकाच. आजीला सांगाडा नव्हता, चौदा पट्टे नव्हते, धड कोणी मोजलं नव्हतं. कंबर मात्र होती. या सॅकची किंमत मी नंतर पाहिली. तेवढ्यात आजीनं विहीर खणून घेतली असती.

गाडीपाशी सॅक उतरवली तेव्हा पाय जमिनीला लागेनात. दोन-चार पावलं मी हवेत चाललो. भाचा दुसऱ्या खेपेला निघाला होता. शेजाऱ्यानं माझ्या डब्यातली चकली खाल्ली, दुसरी खाल्ली, आणि ‘उद्या सहाला’ म्हणाला. रविवारच्या माझ्या दुसऱ्या खेपेबद्दल मी कुठेच बोलत नाही.

वाट्याला सहा किलो मांस आलं. चरबी नावाला नाही, त्यामुळे कुकरच्या शिट्ट्या मोजायचं बायकोनं सोडून दिलं. दिवाळीनंतर सुकं केलं, खोबरं आणि कांदा-लसूण मसाला घालून. शेजारी वाटीभर घेऊन गेला आणि रिकामी वाटी परत द्यायला आला तो सॅक बरोबर घेऊन. “ठेव,” म्हणाला. “पुढच्या वर्षी लागेल.”

पुढच्या वर्षापर्यंत ती गॅरेजात कशाला लोंबकळत ठेवायची? परवा इंडियन स्टोअरला गेलो. कणकेच्या दोन पिशव्या, तांदळाची एक, वीस-वीस पौंडांच्या. ढकलगाडीचं एक चाक नेहमीप्रमाणे अडलेलं. मी सॅक आणली, तांदूळ बरोबर खांद्याच्या पात्यांच्या मध्ये बसवला, पट्टे सैल सोडले, पार्किंगमध्ये खाली बसलो, कुशीवर लोळलो आणि चार पायांवर आलो. बायको तीन गाड्या पलीकडे जाऊन फोन बघू लागली. इतक्यात दारातून एक मराठी काकू पिशव्या घेऊन आल्या, थबकल्या, आणि मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाल्या, “अहो, चालतच निघालात का पुण्याला?”

मी छातीचा पट्टा लावत होतो. बोलता आलं नाही.